केशरी बूट

तुलसी नगरच्या मैदानावर रविवारी सकाळी आम्ही काही ऑफिसवाले फुटबॉल खेळतो. उजवी बाजू पहिल्यापासून माझी. गेल्या हिवाळ्यात एक नवा माणूस यायला लागला. पस्तिशीचा, केस विरळ झालेले. नाव कुणी विचारलं नाही. तो गवतावर बसून सावकाश बूट घाली आणि नाडी बांधून झाली की टाच जमिनीवर ठोकून बघे. बूट केशरी होते, कडक जमिनीवरच्या गवतात वेगाने पळण्यासाठी बनवलेले, आणि इतके हलके की एका बोटाला अडकवून तो जोडी आणायचा. थोड्याच दिवसांत उजवी बाजू त्याची झाली आणि मला मागे बचावाला उभं केलं.

एकदा तो मला चकवून गेला, तेव्हा मी मराठीत पुटपुटलो, "असे बूट मिळाले तर कुणीही पळेल." मैदानावर सगळे हिंदीच बोलत, त्यामुळे इथे कुणाला मराठी कळत नाही, असं मी धरून चाललो होतो.

तो वळला. "काका, तुम्ही घालून बघून घ्या ना," तो इंदुरी मराठीत म्हणाला. मला काका म्हणण्याइतका तो लहान नव्हता.

माप एकच निघालं. त्याने माझे जुने, जड बूट घातले. मी खरंच कधी नव्हे इतक्या वेगाने पळालो. बॉल घेऊन अर्धं मैदान पार केलं, तेवढ्यात तो मागून आला, बॉल काढून घेतला आणि पुढे निघून गेला.

बूट परत देताना म्हणाला, "मस्त आहेत तुमचे. कुठे चावत नाहीत."

तोवर मी त्याच्या बुटांवर जळत होतो, आणि ते सोपं होतं. आता जळायला फक्त तो उरला.