हडळीच्या हातची कालवं

रोहास शहराच्या किनाऱ्यावर सालुद कालवं भाजून विकायची. आम्ही सगळे तिला मानांग म्हणायचो, म्हणजे ताई. तिची आई तरुणपणी विधवा झाली, लेकीला घेऊन एकटी राहू लागली, आणि शेजाऱ्यांनी तिला हडळ ठरवलं. पुढे ती आजारी पडली तेव्हा कुणी औषध घेऊन फिरकलं नाही, आणि मेली तेव्हा शवपेटीला खांदा द्यायलाही कुणी आलं नाही.

एका रविवारी मनिलाहून पर्यटकांची बस आली. मंडळी जवळच्या पनाय गावच्या चर्चमधली मोठी घंटा बघून भुकेजलेली होती. सालुदने गरमागरम कालवं ताटल्यांत वाढली, सोबत मिरची घातलेलं व्हिनेगर ठेवलं.

त्यांचा गाइड म्हणाला, "जपून खा हं. इथल्या बायका रात्री पंख लावून रक्त प्यायला निघतात. हिचे डोळे बघा की, कसे लालभडक आहेत."

सगळे हसले.

"धुराने लाल झालेत," सालुद म्हणाली. "माझ्या आईचे रडून झाले होते." तिने एकेकाच्या हातातली ताटली काढून घेतली. "उठा. हडळीच्या हातचं कशाला खाताय?"

"अगं मानांग, गंमत केली," गाइड म्हणाला.

"तुझ्या आईची कर गंमत."

गाइडने सगळ्यांना शेजारच्या पेर्लाकडे नेलं. पेर्लाने निखाऱ्यांवर राख ओढली. "माझी कालवं संपली," ती म्हणाली. भरलेली टोपली सगळ्यांना दिसत होती.

बस उपाशीच गेली. पेर्ला हसत सालुदजवळ आली, पण सालुदचा राग निवला नव्हता.

"तुझी आई तेव्हा अशी वागली असती, तर माझी जगली असती," ती म्हणाली.

पेर्ला खाली मान घालून तिथेच उभी राहिली.