लूमवरची भरती

सासरे आमच्याकडे भिवंडीला राहायला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "पानी आलं का गो बाय?" मी म्हटलं, नाही अजून, संध्याकाळी येईल. बरं म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. दुपारी ताट वाढलं तर म्हणाले, आत्ता नको. संध्याकाळी नळाला पाणी आलं, मी हंडे भरले, येऊन त्यांना सांगितलं, तेव्हा कुठे ते जेवले.

असं महिनाभर चाललं. मला वाटलं, म्हातारपणी भूक कमी होते. डॉक्टरांनी तपासलं, त्यांना काही सापडलं नाही. सासरे मात्र वाळत चालले होते. सदऱ्यात दुसरा माणूस मावला असता.

उलगडा नळावरच झाला. एकदा मी "पाणी आलं" म्हटलं आणि ते काठी टेकत माझ्या मागोमाग चाळीच्या तोंडापर्यंत आले. तिथे बायकांची रांग, हंडे, कळशा आणि नेहमीची भांडणं. ते बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "पानी कुठं हाय?" मी नळाकडे बोट दाखवलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना महिनाभर फसवत होते.

ते कशेळीच्या खाडीवरचे. ओहोटीला चिखलात उतरून निवट्या मासळ्या धरायच्या, भरती आली की घरी येऊन जेवायचं, असा त्यांचा जन्म गेला होता. सासूबाई गेल्या, गुडघे गेले, चिखलात पाय निघेना, म्हणून आम्ही त्यांना इकडे आणलं. पोट मात्र अजून खाडीच्याच घड्याळावर चालत होतं. मी कल्याणची, मला पाणी म्हणजे नळाचं एवढंच ठाऊक. आमच्या ह्यांना तरी कळायला हवं होतं, पण हे दिवसभर कापडाच्या लूमवर आणि लूमच्या आवाजात कोणाला काही कळत नाही.

ह्यांनी त्यावर काढलेला उपाय मी कोणाला सांगितला नसता, पण अख्ख्या गल्लीने तो बघितला. ह्यांनी काचेची मोठी पेटी करवून घेतली आणि खाडी घरात आणायची ठरवली. दुधाचे कॅन सायकलला लावून हे कशेळीहून खारं पाणी आणायचे. वाटेत काल्हेरला बाया थांबवून दुधाचा भाव विचारायच्या. खाडीचं पाणी आहे म्हटल्यावर त्या म्हणायच्या, सगळेच घालतात, पण निदान गोडं तरी घालावं.

पेटीत मासे सोडले, ते दोन दिवसांत पोट वर करून तरंगले. सासरे खाटेवरून म्हणाले, पाणी हलत नाही, दुसरं काय होणार. मग पाणी हलवायचं ठरलं. बाजारात तसलं यंत्र मिळत असेल तर ते मुंबईला, आमच्याकडे दोन लूम होते. घराच्या मागच्या शेडमध्ये ते खडखडत असायचे आणि सासऱ्यांची खोली भिंतीपलीकडे. ह्यांनी रॉकेल काढायचा हातपंप घेतला, त्याचा दांडा पट्ट्या आणि खिळे लावून लूमच्या हलत्या भागाला जोडला आणि भिंतीला भोक पाडलं. पेटीखाली सिमेंटचं पिंप ठेवलं. लूम चालला की पंप पिंपातलं पाणी पेटीत चढवणार, पेटीच्या भोकातून ते परत पिंपात पडणार, आणि वाटेत ते गाळलं जाणार.

गाळायला काय घालायचं? भिवंडीत सूत फुकट. ह्यांनी ताण्याच्या तुटक्या सुताचा गोळा कोळशावर दाबून बसवला. ताण्याच्या सुताला पिठाची खळ असते, हे चाळीतलं शेंबडं पोरही सांगेल. ह्यांचा तर तो धंदाच. सकाळी पेटीत पांढरं, घट्टसर काहीतरी भरलं होतं आणि घरभर वास. "माशांची पेज केली," सासरे म्हणाले. इथे आल्यापासून त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. नव्याने सोडलेले दोन मासे गेले त्याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही.

मग सुताऐवजी वाळू आणि कालवांच्या शिंपल्या आल्या. पत्र्याचा पंप मिठाने गंजला, पितळेचा आला. सासऱ्यांनी सांगितलं तसा पेटीत एका बाजूला चिखलाचा उतार केला आणि निवट्या सोडल्या. आता सगळं जमलं, एक गोष्ट सोडून. पेटीचं भोक ह्यांनी फार खाली पाडलं होतं. लूम चालू असला की पेटी काठोकाठ भरायची, आणि बंद पडला की पाणी हळूहळू उतरून तळाशी वीतभर उरायचं. हे कपाळाला हात लावून बसले. भोक बुजवायला डांबरही आणलं.

तेवढ्यात लाईट गेली. त्या काळी ती रोज जायची. लूम थांबले, पाणी उतरायला लागलं, चिखल उघडा पडला आणि निवट्या त्यावर चढून टुणटुण उड्या मारायला लागल्या. सासरे खाटेवरून खाली उतरले आणि पेटीला नाक लावून बसले. लाईट आली, लूम सुरू झाले, पाणी चढलं. ते वळून मला म्हणाले, वाढ.

डांबर तसंच पडून राहिलं. सासरे लाईटच्या हिशोबाने जेवायला लागले, आणि दोन वेळा, पोटभर. सदरे पुन्हा अंगाला बसायला लागले. फक्त शुक्रवारी लूमची वीज बंद, लूमला सुट्टी, भरती नाही, म्हणून ते नुसत्या चहावर राहायचे. शुक्रवारचं व्रत तेव्हा घरोघर शिरलं होतं. शेजारणींनी त्यांच्या पाया पडायला सुरुवात केली. एकीने आडून विचारलं, आंबट चालत नसेल ना? मी म्हटलं, निवटीच्या कालवणात चिंच घालते तेवढीच. ती परत आली नाही.

दोनेक वर्षं अशी गेली. मग एका शुक्रवारी त्यांना ताप चढला, डोळे उघडेनात. पेटीतलं पाणी तळाला होतं. खाडीवरचे लोक मानतात, की माणसाचा जीव ओहोटीबरोबर जातो. ह्यांचा कशावर विश्वास नव्हता, हे ते स्वतःच सांगायचे. तरी ते शेडमध्ये गेले आणि लूमचं चाक हाताने फिरवायला लागले. दुपारभर फिरवलं. तळव्यांची सालं निघाली, पाणी कसंबसं अर्ध्यावर चढलं. मला ह्यांचा राग आला आणि रडूही आलं. चाकाची घरघर ऐकून सासऱ्यांनी डोळे उघडले आणि मला ह्यांना हाक मारायला सांगितलं.

"सुट्टी हाय ना आज?" ते म्हणाले. "मंग पान्याला बी सुट्टी दे. उतरू दे पानी."

म्हणजे ही भरती लूमची, खाडीची नाही, हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. पाणी उतरलं, आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो, आणि त्यांनी भाकरी मागितली. शुक्रवारी, ओहोटीला.

ते गेले ते नंतर काही दिवसांनी. दुपार होती, लाईट होती, पेटी काठोकाठ भरलेली. मी ताट घेऊन गेले तर ते पेटीकडे तोंड करून निजले होते, आणि हात गार होता.

मी शेडमध्ये गेले. लूमच्या आवाजात आम्ही हातांनीच बोलायचो. चहा झाला, सुताची कांडी संपली, कोणी आलंय, सगळ्याला खुणा होत्या. ह्याला नव्हती. मी नुसती उभी राहिले, आणि ह्यांना कळलं. ते आत जाऊन आले, आणि पुन्हा लूमवर उभे राहिले. कांडी संपली, दुसरी घातली. ती संपली, तिसरी घातली. तोवर घरात माणसं जमली होती. बाप आत पडलाय आणि हा कापड विणतोय, असं कोणीतरी मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणालं. लूम थांबला की पाणी उतरेल, हे सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

शेवटी मी ह्यांच्या हातावर हात ठेवला आणि कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "उतरू दे आता पाणी."

ह्यांनी दोन्ही लूमचे दांडे ओढले. लूम थांबले, शेड गप्प झाली, आणि भिंतीपलीकडून पिंपात पडणारी धार ऐकू यायला लागली. ती थांबेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे होतो.