फळीच्या टोकाचा खळगा

घरच्या सुतारकामासाठी मला फळ्या एकसारख्या जाडीच्या करणारं, सहज हलवता येईल असं छोटं रंधा मशीन हवं होतं. नवरा सोबत आला होता तो फक्त उचलायला. दुकानदाराने एक सागवानी फळी मशीनमधून काढली आणि त्याच्यापुढे धरली. "बघा साहेब, आरसा!"

मी फळीवर तळहात फिरवला. टोकाला खळगा लागला.

"इथे जास्त तासलं गेलंय. दुसरं मशीन दाखवा."

"मॅडमना भास होतोय," तो हसून नवऱ्याला म्हणाला.

"तिलाच विचारा. मला यातलं काही कळत नाही," नवरा म्हणाला. तरी दुकानदार त्याच्याशीच बोलत राहिला.

पाती घ्यायला आलेल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी फळीवर अंगठा फिरवला. "खळगा आहे. बाई बरोबर बोलतायत."

"असं का? लगेच बदलतो!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लाकूड तेच, खळगा तोच. मग माझाच हात तेवढा खोटा कसा? मिस्त्री भला माणूस, पण त्यांचे आभार मानायला माझी जीभ वळेना. मी पायऱ्या उतरले.

"अहो मॅडम, बदलून देतो म्हटलं ना!" दुकानदार ओरडला, पहिल्यांदाच माझ्याकडे बघून.