डोहातली गोधडी

"आजी, ती गोधडी आधी पाण्यातून बाहेर काढा."

"धुऊन झाली की काढते."

सरूआजींनी मान वर न करता सांगितलं आणि धोपटणं पुन्हा सुरू केलं. गोधडी त्यांच्या नातवाची. पोरगा जुलाब-उलट्यांनी दोन दिवसांपासून कर्जतच्या दवाखान्यात पडून होता. मी त्या भागाचा सॅनिटरी इन्स्पेक्टर. साल बहात्तर, दुष्काळाचं.

ओढ्यात एकच डोह उरला होता. डोहापासून दोन हातांवर वाळूत खड्डा खणून त्यात झिरपलेलं पाणी गाव पीत होतं. त्याला झिरा म्हणतात. पाणी दिसायला नितळ. वाळू सगळी घाण गाळते, अशी गावाची ठाम समजूत. त्यात घटस्थापना चार दिवसांवर आलेली. त्याआधी घरातली झाडून सगळी अंथरुणं धुवायची, ही रीत. म्हणजे अख्ख्या गावाच्या गोधड्या याच डोहात पडणार.

तीन आठवडे मी दवंड्या दिल्या, चावडीवर सभा घेतल्या. 'धुणं खालच्या अंगाला न्या' हे ट्रेनिंगमधलं वाक्य घसा बसेपर्यंत म्हटलं.

"पानी वाहतच न्हाई, तर खालचं अंग कंचं?" सरूआजी म्हणाल्या.

खरंच होतं. त्यामुळे मी जास्तच चिडलो.

आमच्या डॉक्टरांनी तर हात टेकले होते. "आणखी एक पोर आलं तर सलाइन नाही माझ्याकडे. काय करायचं ते करा."

पिशवीत लाल औषधाचा डबा होता. पोटॅशियम परमँगनेट, आम्ही विहिरीत टाकायचो ते. बायकांना उद्यापुरतं पाणी भरून, उकळून ठेवायला सांगितलं आणि अख्खा डबा डोहात रिकामा केला. मग झिऱ्यापाशी बसून राहिलो. बायकाही गंमत बघायला थांबल्या. काही वेळानं झिऱ्याचं पाणी गुलाबी झालं.

सरूआजींनी झिऱ्याकडे पाहिलं, मग हातातल्या ओल्या गोधडीकडे.

"म्हंजी हिचं पानी आमी पितोय?"

"तीन आठवडे दुसरं काय सांगतोय मी?"

इतकं तोडून बोलायला नको होतं. त्यांनी गोधडी डोहापासून लांब वाळूत नेऊन टाकली. मग बाकीच्या बायकांना म्हणाल्या, "औंदा गोधड्यास्नी नुसतं ऊन द्यायचं. देवीला चालतंय. ज्येला धुयाचंच हाय त्येनं घागर भरून लांब माळावर न्यावं."

संध्याकाळपर्यंत डोहाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण पडलं. त्या गावातून पुढे दवाखान्यात पोर आलं नाही. नातूही घरी परतला. मला मात्र एका दिवसात डबा संपवल्याबद्दल वरिष्ठांचा मेमो आला.

दसऱ्यानंतर पुन्हा त्या गावी गेलो. उन्हात सायकल मारून जीव दमला होता. काटे जरा बाजूला सारून मी डोहात धुळीचे पाय सोडले. बरं वाटलं.

"सायेब, पाय भायेर," मागून सरूआजींचा आवाज आला. "शेजारी झिरा हाय."