बैठकीतली खाऱ्या पाण्याची टाकी
माझा थोरला भाऊ इंजिनिअरिंगला नापास होऊन जळगावला घरी परत आला, तेव्हापासून आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्याच्याशी बोलणं जवळजवळ टाकलं. भाऊही हट्टी. त्यानं बैठकीत समुद्रातल्या माशांची काचेची टाकी उभी केली. खारं पाणी ओळखीच्या ट्रकवाल्याकडून मुंबईहून कॅनमध्ये यायचं. आधी लावलेला कूलरचा पंप मिठानं गंजला, म्हणून त्यानं प्लॅस्टिकचा मागवला. वरच्या टाकीतून ओसंडलेलं पाणी पाइपानं खालच्या टाकीत यायचं, तिथे गाळलं जायचं आणि पंप ते पुन्हा वर चढवायचा. जोडांना सोल्युशन लावताना भाऊ चक्क गुणगुणायचा. नारिंगी पट्ट्यांचे मासे बघायला अख्खी गल्ली लोटली. आबा तेवढे कधी फिरकले नाहीत.

उन्हाळ्यात भाऊ एका लग्नाला धुळ्याला गेला. संध्याकाळी मी शिवणक्लासहून आले तर पंप बंद, टाकी कोमट आणि मासे पालथे तरंगत होते.

भाऊ रात्रीच्या एसटीनं परतला.

"लाइट गेली होती दिवसभर," आबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

भाऊनं फ्रिज उघडला. बर्फाचा ट्रे बाहेर काढून त्यांच्यासमोर धरला. बर्फ दगडासारखा घट्ट होता.

"आबा, हा कसा राहिला?"

"माझ्या घरात डबकं नको," आबा म्हणाले. "जा, उपसून टाक."

भाऊनं ट्रे ठेवला आणि जेवायला बसला. टाकीला त्यानं हातही लावला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वासानं घरात उभं राहवेना. रविवारी अमळनेरचे पाहुणे मला बघायला येणार होते. मी गाळणी घेऊन मेलेले मासे काढायला गेले, तर भाऊनं ती माझ्या हातातून काढून घेतली.

"भाऊ, पाहुणे येताहेत रे."

"मग आबांना सांग."

आबांना सांगितलं. ते म्हणाले, "ज्यानं आणलं तो काढेल."

पाहुणे आले. मुलाच्या आईनं पदर नाकाला लावला तो शेवटपर्यंत. पोहे कुणी खाल्ले नाहीत. आबा घामाघूम होऊन कापसाच्या भावाबद्दल बोलत राहिले. भाऊ दारात हाताची घडी घालून उभा होता, आणि बघत होता फक्त आबांकडे. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "हे पाणी कसलं?" भाऊ हसून म्हणाला, "लाइट आली की साफ होईल, काका."

नकार आठवड्याच्या आत आला. आबांनी भाऊला एक शब्द विचारला नाही. मला म्हणाले, "तुझा पायगुणच तसा."

मी मागच्या अंगणात गेले. भाऊ करवतीनं पाइप कापत बसला होता.

"माझं काय चुकलं होतं, भाऊ?"

त्यानं करवत थांबवली नाही. "काही नाही. तू मध्ये आलीस."

पुढे माझं लग्न चाळीसगावला झालं. ते दोघे त्याच घरात राहिले, एकमेकांशी न बोलता. मी माहेरी गेले की दोघेही मलाच निरोप सांगायचे.