वाफेवरचे पोहे, कांदा-चटणीशिवाय

रविवारी मी ओटा पुसायची, कपडे वाळत घालायची आणि मग आम्ही दोघं गाडीवर पोहे खायला जायचो. हे वारल्यापासून मी गेलेच नव्हते.

काल पुण्याहून आलेल्या धाकट्या नणंदेला घेऊन गेले. ती म्हणाली, "वहिनी, रस्त्यावरचं खाऊन आजारी पडलीस तर? आता तुला बघायला कोण आहे?"

मी गाडीवाल्या भैयाला म्हटलं, "भिया, वाफेवरचे गरम द्या. कापलेला कांदा नको, चटणी नको."

"अरे माँजी, फिर मजा क्या?"

"पेट ठीक, तो मजा है!"

मग नणंदेकडे वळले. "मला बघायला मी आहे."

मैत्रिणींनो, तुम्ही एकट्या जाता का गाडीवर?

आज सकाळी मी एकटी जाऊन पोहे खाऊन आले.