बोट न लागलेलं नाणं

पंचवटीत आमच्या समोर राहणारे काका भाजीवाल्याकडून सुटे पैसे घेतानाही नाणं कडेनेच, चिमटीत धरतात. टाकसाळीतून निघाल्यापासून कुणाचं बोट न लागलेली नवी नाणी जमवायचा त्यांना नाद. "हे दहाचं नाणं आज दोन हजाराला जाईल," दर रविवारी मला डबी दाखवून ते सांगायचे. "पण एक बोट लागलं, की परत दहाचं झालं समज!"

यंदा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो, तर तेच नाणं डबीतून निघून चौरंगावर. चिंचेने घासलेलं, वर हळदीकुंकू.

"कोरं होतं ना, म्हणून पूजेला घेतलं," काकू कौतुकाने म्हणाल्या. "बघा, कसं लख्ख केलंय!"

मी घाबरून काकांकडे पाहिलं. ते वाकले, कुंकवाची चिमूट घेतली आणि नाण्यावर अख्खा अंगठा टेकवला. बराच वेळ उचललाच नाही.

"इतकी वर्षं घरात आहे," ते हसत म्हणाले, "पण हात लावायला आज मिळाला. काय गार लागतं रे!"